विचार करायला रोज चार रुपये

कोसल देशात सेतव्या नावाच्या नगरीत पायासी नावाचा एक राजन्य होता. देहाहून वेगळा असा जीव असतो, यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, आणि नुसतं बोलून गप्प बसणाऱ्यांतला तो नव्हता. त्याने एका चोराला जिवंतपणी तोललं, गळा आवळून मारलं आणि पुन्हा तोललं. दीघनिकायात ही हकिकत आहे. जीव निघून गेल्यावर वजन घटायला हवं होतं. पायासी म्हणतो, मेलेला चोर उलट जास्त जड भरला!

त्यानंतर दोन हजारांहून जास्त वर्षांनी अमेरिकेतल्या डंकन मॅकडूगल या डॉक्टरने मरणासन्न रुग्णांच्या खाटाच तराजूवर ठेवल्या. रुग्ण सहा. पहिल्याच्या वेळी काटा पाऊण औंसाने, म्हणजे २१ ग्रॅमने हलला. बाकीच्यांचे आकडे एकमेकांशी जुळेनात. तरी १९०७ मध्ये निष्कर्ष छापून आले आणि 'आत्म्याचं वजन २१ ग्रॅम' ही वदंता आजही सुखाने नांदते आहे.

म्हणून जीव तोलायचं राहू द्या. आपण मेंदूच मोजू. विचार हा या मांसाच्या गोळ्यातून उपजतो की बाहेरून कुणी त्यात येऊन बसतं, हा वाद चार्वाकांपासून चालू आहे. गोळ्यातून उपजतो हे न पटणाऱ्या बहुतेकांची अडचण एकच असते: एवढ्याशा गोळ्यात एवढं सगळं मावेल कसं? तर आधी बघू या, हा गोळा 'एवढासा' आहे का.

सुरुवात वीजबिलापासून. मेंदूचं वजन साधारण १४०० ग्रॅम. शरीराच्या वजनाचे जेमतेम दोन टक्के, पण शरीराच्या ऊर्जेतला वीस टक्के वाटा हा एकटा खातो. विजेच्या भाषेत सुमारे २० वॅट. म्हणजे घरातली एक एलईडी ट्यूब! चोवीस तास चालली तरी अर्धं युनिट होत नाही. आठ रुपये युनिट धरा. दिवसाचे चार रुपयेसुद्धा नाहीत. महिन्याचं बिल ११५ रुपये. पंचाहत्तर वर्षांचं आख्खं आयुष्य मोजा: शाळा, परीक्षा, लग्न, भाऊबंदकी, गृहकर्ज, नातवंडं, रात्रीची सगळी स्वप्नं. एकूण वीज १३,१४० युनिट. एकूण बिल एक लाख पाच हजार रुपये. बरी दुचाकीसुद्धा यात येणार नाही.

आता शेजारी महासंगणक उभा करा. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतला 'फ्रंटियर' २०२२ मध्ये जगात पहिला आला. त्याला सुमारे २१ मेगावॅट वीज लागते. आपल्याच आठ रुपये दराने दिवसाचं बिल चाळीस लाख! चार रुपये आणि चाळीस लाख रुपये. दहा लाखपट.

बरं, एवढी वीज खाऊन संगणक मेंदूची नक्कल तरी करतो का? २०१३ मध्ये जपानच्या 'के' महासंगणकावर जपानी आणि जर्मन शास्त्रज्ञांनी १७३ कोटी चेतापेशींचं नमुन्याचं जाळं चालवून पाहिलं. माणसाच्या मेंदूतल्या पेशींच्या ते जेमतेम दोन टक्के. ८२,९४४ प्रोसेसर कामाला जुंपले. त्या जाळ्याचा एका सेकंदाचा खेळ उतरवायला त्यांना ४० मिनिटं लागली. २४०० पट संथ! या संथपणाने डेक्कन क्वीन धावली, तर मुंबईहून निघून सव्वातीन तासांत पुण्याला टेकणारी ही गाडी ३२५ दिवसांनी पोचेल. दिवाळीच्या फराळाला निघालेला पाहुणा पुढच्या गणपतीनंतर दारात.

वीज झाली, आता पाणी. म्हणजे रक्त. दर मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त मेंदूतून फिरतं. तासाला ४५ लिटर. दिवसाला १०८० लिटर! अंगात एकूण रक्त पाचेक लिटरच, तेच पुन्हा पुन्हा वर चढवलं जातं. वीस फूट रुंदीची एक गोल विहीर घ्या, तेहतीस फूट पाण्याने भरलेली. तिच्यात पावणेतीन लाख लिटरांच्या वर पाणी मावतं. मेंदूतून जाणारं रक्त ती विहीर नऊ महिन्यांत काठोकाठ भरेल. पंचाहत्तर वर्षांत अशा शंभराहून जास्त विहिरी. एवढा उपसा, तोही मुठीएवढ्या पंपाने. आणि हा पंप दहा-बारा सेकंद थांबला की शुद्ध हरपते. शंभर विहिरींचा कारभार, आणि दहा सेकंदांची उधारी नाही!

विचाराला इंधन लागतं, हे झालं. त्याला वेळही लागतो का? जुनी समजूत अशी की विचार क्षणार्धात पोचतो, मनोवेगाला मोजमाप नाही. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांनी तर नसांमधला वेग कधी मोजताच येणार नाही, असं म्हणून ठेवलं होतं. त्यांचाच शिष्य हेर्मान हेल्महोल्ट्झ. त्याने १८५० मध्ये बेडकाची तंगडी घेतली, तिच्या नसेला दोन वेगवेगळ्या ठिकाणी विजेचा झटका दिला, स्नायू आखडायला लागलेल्या वेळातला फरक मोजला आणि वेग काढला. सेकंदाला सुमारे २७ मीटर. म्हणजे ताशी ९७ किलोमीटर! ज्या मनोवेगाच्या उपमा आपण देवांच्या रथांना देतो, त्याला एक्स्प्रेसवेवर डाव्या लेनमधून जावं लागेल. माणसाच्या सर्वांत वेगवान नसा याहून पुष्कळ बऱ्या, सेकंदाला १२० मीटरपर्यंत. त्या वेगाने मुंबईहून निघालेला निरोप १९२ किलोमीटरचा लोहमार्ग कापून पुण्याला २७ मिनिटांत पोचतो. पण सगळ्यांत संथ नसांमधून, बोथट दुखणं वाहून नेणाऱ्या, सेकंदाला एकच मीटर. ठेच लागल्यावर आधी कळतं आणि मग ठणकतं, ते यामुळेच. दुसरा निरोप अजून चालत येत असतो.

चला, आता आत शिरू. ही कल्पना माझी नाही, गॉटफ्रिड लायब्निट्झ या तत्त्वज्ञाची आहे. १७१४ मध्ये त्याने लिहिलं की विचार करणारं यंत्र मोठं करत करत गिरणीएवढं केलं आणि आपण आत फिरून आलो, तर एकमेकांना ढकलणारे भाग दिसतील, पण विचार कुठेच दिसणार नाही. त्याला आकडे ठाऊक नव्हते. आपल्याला आहेत. एका चेतापेशीचा देह ढोबळमानाने २० मायक्रॉन धरू. तो माणसाएवढा, म्हणजे १.७ मीटर करायचा, तर सगळं ८५,००० पटींनी फुगवायला हवं.

फुगवलं. गिरणी कसली घेऊन बसलात! मेंदूची लांबी झाली साडेतेरा किलोमीटर. पुढचं टोक चर्चगेटला ठेवलंत तर मागचं वांद्र्याच्या आसपास. रुंदी बारा किलोमीटर, म्हणजे दोन्ही अंगांनी समुद्रात. उंची आठ किलोमीटर, एकावर एक जवळजवळ पाच कळसूबाई! आणि हा डोंगर खालपासून वरपर्यंत माणसाएवढ्या पेशींनी गच्च भरलेला. किती पेशी? ८,६०० कोटी. पृथ्वीवरची सगळी माणसं दहा वेळा आणून कोंबली, तरी थोडी जागा उरेल.

हा आकडा मोजला कसा, तेही भारी आहे. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल यांनी मेंदूचं चक्क सूप केलं. पेशींचे पडदे विरघळवले, केंद्रकं सारखी ढवळली, थेंबभर घेऊन मोजली आणि गुणाकार केला. २००९ मध्ये उत्तर आलं ८,६०० कोटी. तोवर पुस्तकांत १०,००० कोटी छापलेलं असायचं. मधला फरक १,४०० कोटींचा, आख्खे दहा भारत! एवढे दहा देश पाठ्यपुस्तकांत विनाकारण राहत होते. मुंबईची लोकल रोज सुमारे ७५ लाख प्रवासी वाहते. या पेशींना एकेकदा लोकलमध्ये बसवायचं म्हटलं, तर रविवार, मेगाब्लॉक काही न धरता ३१ वर्षं लागतील.

आपण अजून त्या डोंगराच्या आतच आहोत. दोन पेशींमधली फट आता दीड-पावणेदोन मिलिमीटरची दिसते. निरोप ती ओलांडतात रसायनांच्या शिंतोड्यांनी. पेशीच्या पातळ पडद्यावर विजेचा ताण आहे. मोजला तर मीटरमागे १ कोटी ४० लाख व्होल्ट या दराने भरतो. लोकलच्या डोक्यावरच्या तारेत असतात २५,००० व्होल्ट. आणि तारा? विशीतल्या पुरुषाच्या मेंदूतले आवरण असलेले चेतातंतू सरळ केले, तर ते १ लाख ७६ हजार किलोमीटर भरतात, असा डॅनिश शास्त्रज्ञांचा २००३ चा अंदाज आहे. न फुगवता, बरं का! कवटीतल्या कवटीत मुंबई-पुणे नऊशेहून जास्त वेळा. पृथ्वीला चार प्रदक्षिणा घालून वर पुष्कळ शिल्लक. ऐंशीव्या वर्षापर्यंत त्यातल्या जवळपास निम्म्या गळून जातात. नावं आठवेनाशी होतात, त्यात नवल नाही. नवल आहे ते उरलेली आठवतात याचं. आणि आपल्या फुगवलेल्या मेंदूत याच तारा होतात १,४९६ कोटी किलोमीटर. सूर्यापासून प्लूटो सरासरी ५९० कोटी किलोमीटरवर आहे. प्लूटो मागे टाका, तेवढंच अंतर पुन्हा जा, अजून अर्धं जा. तार संपली.

लायब्निट्झ खरंच इथे आला असता, तर त्याचं म्हणणं बदललं असतं का? मला वाटतं, नसतं. विचार त्याला तरीही दिसला नसता. पण त्याच्याही कित्येक शतकं आधी चार्वाकांनी यावर उत्तर दिलं होतं: धान्यात नशा नसते, गुळात नसते, पाण्यात नसते, आंबवलं की येते. पेशीत विचार शोधू नका, आंबवणीत शोधा. मला हे म्हणणं पटतं. मात्र आंबवणीचा हिशेब चार्वाकांनाही झेपला नसता.

कारण खरा आकडा पेशींचा नाही, जोडण्यांचा आहे. एकेक पेशी हजारो पेशींशी जोडलेली. एकूण जोडण्या सुमारे एक कोटी गुणिले एक कोटी. एकावर चौदा शून्यं! सेकंदाला एक याप्रमाणे पेशी मोजायला घेतल्या, तर २,७०० वर्षं लागतील. बुद्धाच्याही आधी सुरुवात केली असती तर आत्ता कुठे संपत आलं असतं. जोडण्या मोजायला जवळपास बत्तीस लाख वर्षं. रुपयांत बोलू. पेशीमागे एक रुपया ठेवला तर ८,६०० कोटी, अटल सेतूच्या निम्म्या खर्चाएवढे. जोडणीमागे एक रुपया ठेवला तर शंभर लाख कोटी! केंद्र सरकारचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ५०.६५ लाख कोटींचा होता. म्हणजे देशाचे दोन अर्थसंकल्प, प्रत्येक डोक्यात, आणि वर रोजची देखभाल चार रुपये.

हार्वर्ड आणि गूगलच्या मंडळींनी शस्त्रक्रियेत काढलेल्या मेंदूचा एक कण घेतला. एक घन मिलिमीटर, मोहरीच्या दाण्याहून लहान. त्याचे पाच हजारांवर काप केले, सूक्ष्मदर्शकाखाली चित्रं घेतली आणि २०२४ मध्ये नकाशा जाहीर केला. त्या कणात ५७,००० पेशी, १५ कोटी जोडण्या, २३ सेंटिमीटर रक्तवाहिन्या. चित्रांची माहिती १,४०० टेराबाइट. १२८ जीबीचे अकरा हजार मोबाइल ठासून भरतील. एका कणासाठी! आख्ख्या मेंदूत असे बारा लाखांवर कण. सगळे उतरवायचे तर १,३२० कोटी मोबाइल हवेत. जगातल्या प्रत्येकाला, तान्ह्या बाळालासुद्धा एकेक वाटला, तरी पाचशे कोटी उरतात.

एव्हाना तुम्ही म्हणाल, पटलं, एवढ्या पसाऱ्यातून विचार निघेल नाही तर काय! इथेच जरा ब्रेक लावतो, कारण मोठ्या आकड्यांनी माणूस पटकन भुलतो. या ८,६०० कोटींपैकी ६,९०० कोटी पेशी डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूत आहेत. पाचातल्या चार. आणि २०१४ मध्ये चीनमध्ये चोवीस वर्षांची एक स्त्री चक्कर येते म्हणून तपासायला गेली, तर तिला लहान मेंदूच नव्हता! ती चालायला उशिरा शिकली, बोलायलाही उशिरा; पण विचार करत होती, संसार करत होती. आफ्रिकी हत्तीच्या मेंदूत २५,७०० कोटी पेशी असतात, आपल्या तिप्पट. त्यातल्या ९८ टक्के लहान मेंदूत. नुसत्या संख्येने विचार येत असता, तर हे मासिक हत्तींनी काढलं असतं.

उलट बाजूचे, म्हणजे विचार मेंदूवरच अवलंबून असल्याचे पुरावेही वजनदार आहेत, अगदी किलोत मोजावेत इतके. १८४८ मध्ये अमेरिकेत रेल्वेमार्गाचं काम करताना फिनिअस गेज या मुकादमाच्या गालातून शिरलेली सहा किलोंची लोखंडी पहार कवटीतून बाहेर पडली. तो वाचला, अकरा वर्षं जगला, पण त्याचा स्वभाव बदलल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. भूल देताना तर पहारही लागत नाही. साठ किलोंच्या माणसाला १२० मिलिग्रॅम प्रोपोफॉल पुरतं, पॅरासिटामॉलच्या ५०० च्या गोळीच्या पाव भागाहून कमी. तेवढ्यात दोन अर्थसंकल्पांचा कारभार चिडीचूप. पण वाइल्डर पेनफिल्ड यांचं काय करायचं? माँट्रिअलच्या या शल्यविशारदाने शेकडो जाग्या रुग्णांच्या उघड्या मेंदूला विजेचा स्पर्श केला. रुग्णाचा हात हले, आणि रुग्ण म्हणे, हे मी केलं नाही, तुम्ही केलंत. हयातभर हे पाहून १९७५ च्या पुस्तकात पेनफिल्ड यांचा कौल पडला तो मन मेंदूहून वेगळं मानण्याकडे.

यावर पैजसुद्धा लागली. १९९८ मध्ये ब्रेमेनला मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कोख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांना सांगितलं, पंचवीस वर्षांत जाणिवेची मेंदूतली नेमकी खूण सापडेल. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कला मुदत भरली. खूण सापडली नव्हती. कोख यांनी वाइनची पेटी चामर्स यांच्या हवाली केली. आंबवलेलीच द्यावी लागली, चार्वाक खूश झाले असते.

माझा कल विचाराल तर तो कोख यांच्या बाजूला आहे. रक्ताशिवाय, वेळेशिवाय, विजेशिवाय चाललेला एकही विचार आजवर कुणाच्या काट्यावर आलेला नाही. पण दातदुखी मला *दुखते* का, हे वरच्या एकाही आकड्यात नाही. तो प्रश्न गुणाकाराने सुटणाऱ्यातला दिसत नाही. गुणाकाराने एवढंच सुटतं की त्या गोळ्यात जागा कमी पडते, ही तक्रार मागे घ्यावी लागते. आणि ती किती मागे घ्यावी लागते, याचा शेवटचा हिशेब अजून बाकी आहे.

पेशी एका क्षणी एक तर ठिणगी टाकते किंवा टाकत नाही, एवढंच धरू. चालू किंवा बंद. एका पेशीच्या दोन स्थिती, दोन पेशींच्या चार, तीनच्या आठ, दहाच्या १,०२४. दृश्य विश्वातल्या सगळ्या अणूंची ढोबळ संख्या एकावर ऐंशी शून्यं. तिथे पोचायला किती पेशी लागतील? फक्त २६६! एक मिलिमीटर लांबीचा सी. एलेगन्स नावाचा कृमी असतो. त्याला ३०२ चेतापेशी. १९८६ पासून त्यांचा पूर्ण नकाशा आपल्या हाती आहे. या हिशेबाने त्याच्या चेतापेशींच्या स्थिती विश्वातल्या अणूंच्या आठ हजार कोटी पट होतात. एवढ्या भांडवलावर तो कुजक्या फळांत जीवाणू खात बसतो!

आता आपला आकडा. कागदाची एक पट्टी घ्या, एकेक अंक दोन मिलिमीटरचा लिहा. विश्वातल्या अणूंचा आकडा सोळा सेंटिमीटरमध्ये संपला, वीतभरसुद्धा झाला नाही. तुम्ही पंचाहत्तर वर्षं जगलात आणि सेकंदाच्या दर हजाराव्या भागाला तुमच्या मेंदूने नवी स्थिती घेतली, तर आयुष्यात प्रत्यक्ष वापरलेल्या स्थितींचा आकडा अडीच सेंटिमीटर. आणि घेता येण्याजोग्या स्थितींचा? अंकच २,५८९ कोटी. पट्टी ५१,७७७ किलोमीटर! मुंबई-पुणे रुळांशेजारी २७० वेळा अंथरा. डेक्कन क्वीनच्या खिडकीत बसा, गाडी कुठेही थांबू देऊ नका, आणि साडेछत्तीस दिवस, साडेछत्तीस रात्री बाहेर नुसते अंक बघत राहा. विश्वातले अणू गाडीचं चाक सरकायच्या आत संपलेले असतात.

हे झालं पेशींचं. जोडण्यांचा हिशेब असाच, चालू किंवा बंद, एवढाच कंजूषपणे करा. पट्टी होते सहा कोटी किलोमीटरची. डेक्कन क्वीन पहिल्यांदा सुटली १ जून १९३० ला. त्या दिवसापासून ती त्याच वेगाने, ना कर्जत ना लोणावळा, एकदाही न थांबता या पट्टीशेजारून धावत राहिली असती, तर शेवटचा अंक खिडकीतून दिसायला २०४६ साल उजाडलं असतं.